लघुउद्योग, जीवविज्ञान संशोधन आणि आपले रुग्णालय

(वाघोली व परिसरातील लघुउद्योजकांचा मेळावा रुग्णालयाच्या सभागृहात झाला. त्या प्रसंगी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



या मेळाव्याचे निमंत्रण हाती पडताच आपल्यापैकी काहींनी दूरध्वनी करून विचारले की, या वर्षी देणगी कोणत्या विभागासाठी हवी आहे. शंका रास्त होती. धर्मादाय रुग्णालयाचे पत्र आले की हात खिशाकडे जावा, ही सवय आम्हीच आपणांस लावली आहे. आज मात्र आम्ही देणगी मागण्यासाठी उभे नाही. आपली यंत्रे, आपले कारागीर आणि आपली कल्पकता रुग्णांच्या उपयोगी पडावी, त्यासाठी जे संशोधन करावे लागते त्यात आपण आमचे भागीदार व्हावे, अशी विनंती करण्यास आपणांस बोलावले आहे. त्याचबरोबर या कामी आमच्या हातून जी चूक घडली, ती आपणांसमोर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

जीवविज्ञानातील संशोधन म्हटले की पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था किंवा हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. सणसवाडीतील दहा कामगारांची कार्यशाळा किंवा लोणीकंदचा छोटा रसायन कारखाना कोणाच्या मनात येत नाही. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि तिचा प्रत्यय घेण्यास फार लांब जावे लागत नाही. नगर रस्त्याने कोरेगाव भीमापर्यंत जाऊन डावीकडे वळले की वढू बुद्रुक लागते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपण सर्वजण या गावाला ओळखतो. वैद्यकीय जगात ते आणखी एका कारणासाठी ओळखले जाते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९७२ साली डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम हाती घेतले. पुढे १९९३ साली डॉ. कोयाजींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तेथे शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांमधील कुटुंबांची नियमित नोंद ठेवली जाऊ लागली. कोणाच्या घरी मूल जन्मले, कोण दगावले, कोण गाव सोडून गेले, कोण नव्याने राहावयास आले, हे घरोघर जाऊन लिहून ठेवणे हे काम दिसावयास अगदीच कारकुनी आहे. आमचा सगळा जन्म खतावण्यांत गेल्यामुळे असेल कदाचित, परंतु आम्हांला या कारकुनी कामाविषयी फार आदर वाटतो.

या नोंदींचा आणि या विश्वासाचा उपयोग कसा झाला ते पाहावे. लहान मुलांच्या जीवघेण्या अतिसाराला कारण होणाऱ्या रोटा विषाणूचा एक सौम्य प्रकार १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात अर्भकांत आढळला. त्यापासून लस बनविण्याचे काम १९९६ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या भारत बायोटेक या, त्या काळी नवख्या, कंपनीने अंगावर घेतले. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि परदेशांतील संस्था सोबत होत्या. परंतु लस तयार झाली, तरी ती गुण देते की नाही, हे कारखान्यात ठरत नाही. त्यासाठी २०११-१२ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ अर्भकांना चाचणीत घेण्यात आले. त्यांतील पुणे जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे हे वढू. तीव्र अतिसारापासून ही लस निम्म्याहून थोडे अधिक संरक्षण देते, असे दिसून आले. २०१४ साली तिला परवाना मिळाला आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली. एका बाजूला संशोधक, एका बाजूला कारखाना आणि मध्ये लोकांचा विश्वास कमावलेले, वहीत चोख नोंदी ठेवणारे धर्मादाय रुग्णालय. तिघांपैकी एक जरी नसता, तरी ती लस बाळाच्या ओठांपर्यंत पोहोचली नसती.

दुसरे उदाहरण आपणां सर्वांच्या आठवणीतले आहे. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या चाचणीचा पहिला भारतीय बनावटीचा संच बाजारात आणण्याची परवानगी मिळाली, ती पुण्याच्या मायलॅब या त्या वेळी फारशा परिचित नसलेल्या कंपनीला. संशोधक गटाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी प्रसूती अगदी तोंडावर आली असताना तो संच तपासणीसाठी सादर केला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत त्याची पारख झाली आणि २३ मार्चच्या सुमारास मंजुरी आली. या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते व्हावयास हवेच होते. आमचे लक्ष मात्र निराळ्या गोष्टीकडे गेले. नमुने उपलब्ध होते, पारख करणारी प्रयोगशाळा तयार होती, परवाना देणारा अधिकारी कागदाची वाट पाहत होता. संकटामुळे तिन्ही दारे एकाच आठवड्यात उघडी होती. एरवी लहान उद्योगाला यांतले एक दार उघडण्यास वर्ष लागते, आणि ते उघडेपर्यंत आधीचे बंद झालेले असते.

आता आमच्या चुकीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी केसनंद रस्त्यावर वजनकाटे बनविणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या मातोश्री आमच्या स्त्री-वैद्यकीय कक्षात आठ दिवस दाखल होत्या. रात्री सलाईनची बाटली संपत आली की सिस्टरांना हाक मारण्याचे काम त्यांच्याकडे असे. आपल्यापैकी ज्यांनी रुग्णाशेजारी रात्र काढली आहे, त्यांना ही चिंता सांगावयास नको. डोळा लागला आणि बाटली रिकामी झाली, तर रक्त नळीत उलटे चढते, सुई अडते आणि दुसरी शीर शोधावी लागते. तीस खाटांना दोन परिचारिका असताना प्रत्येक बाटलीकडे पाहणे मानवी शक्तीबाहेरचे असते. या गृहस्थांनी विचार केला की, बाटली संपणे म्हणजे वजन घटणे, आणि वजन हा तर आपला धंदा. त्यांनी काट्यातील लोडसेल काढून सलाईनच्या स्टँडला बसेल असा आकडा केला आणि ठरावीक वजनाखाली गजर वाजेल अशी व्यवस्था केली. कापडी पिशवीत घालून तो नमुना ते आमच्या टेबलावर घेऊन आले.

आम्ही चहा दिला, पाठ थोपटली आणि प्रस्ताव नीतिमत्ता समितीकडे, म्हणजे आपण जिला एथिक्स कमिटी म्हणतो तिच्याकडे, पाठविला. समिती तीन महिन्यांतून एकदा बसत असे. पहिल्या बैठकीस गणसंख्या भरली नाही. दुसऱ्या बैठकीत प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा लेखी आराखडा, मागितला गेला. हा शब्द त्यांनी प्रथमच ऐकला होता, आणि तो कसा लिहावा हे आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितले नाही. तिसऱ्या वेळी विद्युत सुरक्षेचा दाखला नव्हता. चौथ्या वेळी रुग्णांच्या भरपाईची विमा पॉलिसी नव्हती. दरम्यान याच गृहस्थांनी आमच्या धान्यकोठीसाठी दिलेल्या मोठ्या काट्याचे देयक आमच्या लेखा विभागात चार महिने पडून राहिले होते. सुमारे तेरा महिन्यांनी ते नमुना परत नेण्यास आले. रागावले नव्हते. "साहेब, कांद्याचा हंगाम आलाय, काटे द्यायचेत," एवढेच म्हणाले.

समितीचे सदस्य दोषी नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यांनी मागितलेला प्रत्येक कागद आवश्यक होता. २०१९ च्या औषधे व चिकित्सा चाचण्यांविषयीच्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांतील निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात, अध्यक्षही बाहेरचा असावा लागतो, आणि कायद्याचे जाणकार तसेच सामान्य नागरिकांचा प्रतिनिधीही लागतो. हे सारे रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. चूक अशी की, मोठी कंपनी ज्या कामासाठी स्वतंत्र विभाग ठेवते, ते काम दिवसा लेथवर आणि रात्री हिशेबाला बसणाऱ्या एका माणसाने एकट्याने करावे, अशी आमची अपेक्षा होती. आणि चार महिन्यांच्या थकीत देयकाबद्दल तर कोणतेच समर्थन नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो की, नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत, अन्यथा बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही हा कायदा आम्ही स्वतःच्या टेबलावर लागू केला नव्हता.

त्यानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही काही बदल केले. समितीची बैठक आता दरमहा होते. लेखा विभागातील एक लिपिक आणि एक वैद्यकीय समाजसेविका यांना उद्योजकांचे कागद तयार करण्यास मदत करण्याचे काम नेमून दिले आहे. आराखडा, संमतिपत्र आणि करार यांचे साधे मराठी नमुने तयार आहेत. आणि प्रत्येक कक्षात एक अडचणींची नोंदवही ठेवली आहे. या वहीचा आम्हांस विशेष अभिमान आहे, कारण ती वरिष्ठ डॉक्टरांसाठी नव्हे, सिस्टर, आया आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी आहे. संशोधनाचा विषय प्रयोगशाळेत सुचतो असा आपला समज असतो. आमच्या वहीत, भरउन्हाळ्यात बाहेरच्या केंद्रातून येणाऱ्या शीतपेटीतला बर्फ वाटेत वितळतो आणि रक्ताचे नमुने फुकट जातात, अशी नोंद आहे. थुंकीच्या डबीचे झाकण म्हाताऱ्या हातांना फिरवता येत नाही, अशीही आहे. शीतपेटीचे काम करणारे, प्लॅस्टिकचे साचे बनविणारे आज या सभागृहात बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले.

पैशांविषयी थोडे बोलणे क्रमप्राप्त आहे. युरोपीय संघाने २००२ ते २००६ या काळातील आपल्या संशोधन कार्यक्रमात विषयवार निधीपैकी १५ टक्के लघु व मध्यम उद्योगांकडे जावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. अमेरिकेत १९९२ साली आलेल्या योजनेत तर कामाचा किमान ४० टक्के भाग लहान उद्योगाने आणि किमान ३० टक्के भाग संशोधन संस्थेने करावा, अशी वाटणीच ठरवून दिली होती. आपल्याकडेही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली लघुउद्योगांसाठी नवोन्मेष योजना सुरू केली आणि २०१२ साली बायरॅक ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिच्या बिग नावाच्या अनुदानातून १८ महिन्यांच्या कामाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्यात येऊ लागले. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर २००७ पासून नवउद्योगांना हात देत आले आहे. नगर रस्त्याची वाहतूक पाहता तेथे जाणे हीच एक मोहीम ठरते, पण जावे. वैद्यकीय उपकरणांसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मेडटेक मित्र नावाची मार्गदर्शन व्यवस्था सुरू केली.

असे असूनही आपल्यापैकी बहुतेकांची अडचण वेगळीच आहे. बिगसारखी अनुदाने नवउद्योगांसाठी आणि व्यक्तींसाठी असतात. बावीस वर्षे वजनकाटे बनविणारा माणूस नवउद्योग नव्हे. इतर बऱ्याच योजनांत उद्योगाने आपला हिस्सा आधी घालावा लागतो. आणि अनुदान मिळालेच तर पुढे हिशेबाचा घोटाळा ठरलेला. अनुदानाची रक्कम कॅश क्रेडिट खात्यात जमा होते, तेथील कर्ज ती गिळून टाकते, आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र देताना मालकाला घाम फुटतो. आमचा आग्रह आहे की अनुदानासाठी पहिल्याच दिवशी स्वतंत्र खाते उघडावे, आणि त्यावर व्याज मिळाल्यास तेही अनुदान देणाऱ्याचे आहे असे समजून वेगळे दाखवावे. हे आपल्या लेखापालास समजत नसेल, तर आमच्या लेखा विभागाचे दार उघडे आहे. आम्ही आपल्याकडून समभाग मागणार नाही. प्राप्तिकराच्या कायद्यानुसार धर्मादाय न्यासाला ठरावीक मार्गांनीच पैसा गुंतवता येतो आणि खासगी कंपनीचे समभाग सर्वसाधारणपणे त्यांत बसत नाहीत. आमच्या करारात दोनच गोष्टी आहेत. वस्तूची रचना आणि तिचा हक्क आपला राहील, परंतु ती आम्हांस उत्पादनखर्चाच्या दराने मिळावी. आणि चाचणीचा निष्कर्ष आपल्या विरुद्ध गेला, तरी तो प्रसिद्ध करण्यास आपली हरकत असू नये. दुसऱ्या कलमावर दोन उद्योजक परत गेले. आम्ही ते कलम बदलले नाही.

या कामातील सर्वांत नाजूक भाग रुग्णांविषयीचा आहे. आमच्यासारख्या न्यासाच्या रुग्णालयाला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. दगडखाणींवरचे मजूर, बांधकामावरची कुटुंबे या खाटांवर असतात. संमतिपत्र पुढे केले की ती माणसे वाचण्याआधी अंगठा उठवतात. "डॉक्टर सांगतील ते," असे म्हणतात. संशोधन करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींना कर्करोगप्रतिबंधक लस देण्याच्या प्रकल्पात वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच संमतीच्या कागदांवर सह्या केल्याचे उघड झाले, आणि संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. तेथे पैसा होता, तज्ज्ञ होते, मोठ्या संस्थाही होत्या.

आमच्याकडेही असा प्रसंग आला. निदानाची पट्टी बनविणाऱ्या एका लहान कंपनीला प्रयोगशाळेत तपासणीनंतर उरलेले रक्तद्रवाचे दोनशे नमुने हवे होते. मागणी वैध होती, कारण खऱ्या रुग्णांच्या नमुन्यांखेरीज पट्टीची पारख होऊच शकत नाही. त्यांनी दर नमुन्यामागे रक्कम देऊ केली. ती रक्कम एवढी होती की निर्धन रुग्ण निधीतील त्या वर्षाची तूट भरून निघाली असती. विश्वस्तांच्या बैठकीत यावर दोन तास चर्चा झाली. त्याच गरिबांसाठी वापरायचे पैसे आहेत, मग घ्यावयास काय हरकत आहे, असा एक पक्ष होता, आणि तो अप्रामाणिक नव्हता. आम्हीही प्रथम त्याच पक्षाचे होतो. वही पाहिल्यावर मत बदलले. नमुन्यामागे पैसे मिळू लागले की नमुने वाढविण्याची सोय कोठे आहे, हे पाहिले जाणार, आणि ती सोय राखीव खाटांवर आहे. शेवटी असे ठरले की, नमुने वेगळे काढण्याचा व साठविण्याचा प्रत्यक्ष खर्च तेवढा घ्यावा, नमुन्यावर नाव-गाव असू नये, नीतिमत्ता समितीची मंजुरी असल्याखेरीज एकही नळी बाहेर जाऊ नये, आणि कोणत्याही संशोधनातील सहभागी रुग्णांत राखीव खाटांवरील रुग्णांचे प्रमाण पाचात एकापेक्षा अधिक होता कामा नये. निधीतली तूट त्या वर्षी तशीच राहिली. ती अहवालाच्या ताळेबंदात आपणांस दिसेल.

वजनकाट्यांच्या त्या गृहस्थांकडे आम्ही पुन्हा गेलो, हे सांगावयाचे राहिले. आधी थकलेल्या देयकावरील व्याजाचा धनादेश दिला, मग विषय काढला. या वेळी आराखडा समाजसेविकेने त्यांच्याशेजारी बसून लिहिला. विद्युत सुरक्षेची तपासणी झाली. चाचणीपुरते थोडे नग बनविण्याचा एमडी-१३ हा परवाना केंद्रीय औषध नियंत्रकांकडून काढावा लागतो. त्याचा ऑनलाइन अर्ज भरण्यास आमच्या लिपिकाला तीन दिवस लागले. चाचणी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी तक्रार केली. रुग्णाने कूस वळविली की नळी ओढली जाते, काटा हलतो आणि मध्यरात्री गजर होतो, त्यामुळे सारा कक्ष जागा होतो. शिवाय काचेची बाटली आणि प्लॅस्टिकची पिशवी यांचे रिकामे वजन निराळे असल्याने अंदाज चुकतो. त्यांनी यंत्र परत नेले, वजन काही सेकंद स्थिर राहिल्याशिवाय इशारा होऊ नये अशी सुधारणा केली आणि गजर काढून सिस्टरांच्या टेबलावर दिवा लागेल अशी सोय केली. हा दिवा सिस्टरांनीच सुचविला. दुसरी फेरी सध्या चालू आहे. विक्रीचा परवाना अजून दूर आहे, आणि तो मिळेलच असे आश्वासन आम्ही त्यांना दिलेले नाही.

नीतिमत्ता समितीची पुढील बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. ज्यांना प्रस्ताव द्यावयाचा असेल, त्यांनी त्याआधी दहा दिवस लेखा विभागात यावे. येताना उद्यम नोंदणीची प्रत, मागील दोन वर्षांचा ताळेबंद आणि असल्यास नमुना आणावा. नमुना नसेल तर कागदावरचे रेखाचित्र चालेल. चहाची व्यवस्था मागील व्हरांड्यात केली आहे. तेथे बालरोग कक्षाच्या सिस्टर त्यांची नोंदवही घेऊन बसल्या आहेत. चहा घेता घेता ती चाळावी, आणि ज्या अडचणीवर आपणांस काही करता येईल असे वाटेल, तिच्यासमोर आपले नाव लिहावे.